नवव्या भागातला पांढरा गोळा

गोंदिया
६ जुलै २०२५

आदरणीय यादोरावजी शहारे यांना जय भीम.

आपली ओळख नाही. मी खुशबू बोरकर, गोंदियात एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आमच्या शाळेतले निवृत्त बाबू गोवर्धनजी तुमच्या ‘शततारका मित्रमंडळा’चे सभासद आहेत. त्यांनी मंडळाचं झेरॉक्स पत्रक मला वाचायला दिलं. ‘शततारका’ या अंतराळयानाची मालिका १९८९ साली रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची, म्हणजे माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी. तेरापैकी बारा भाग आता इंटरनेटवर सापडतात, ते मी पाहिले. नववा भाग कुठेच नाही. त्याची टेप हरवली आणि तो पुन्हा दाखवलाही गेला नाही, असं पत्रकात आहे. म्हणून त्या भागावर तुम्ही लिहिलेली दोन पानं मी तीनदा वाचली.

यानातून बाहेर पडायला दोन दारं, मध्ये लांब बोळ. आतलं दार लावल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही, नाहीतर यानातली सगळी हवा निघून जाईल. इथपर्यंत मला पटतं. पण आतलं दार लागल्याचा निरोप बाहेरच्या दाराशी थांबलेल्या कप्तानाला द्यायला त्याचा साथीदार भार्गव बोळातून एक पांढरा गोळा सोडतो, हे काही गळी उतरत नाही. ज्या यानात चंद्रावरून चित्रं येतात तिथं निरोपाला गोळा? साधा दिवा का नाही? आणि दार एकदा लागल्यावर आतला गोळा बोळात येणार कुठून? म्हणजे तो दार लावण्याच्या आधीच सोडावा लागणार. मग त्या निरोपाला अर्थ काय राहिला?

जमलं तर उत्तर द्यावं.

आपली,
खुशबू बोरकर


अर्जुनी मोरगाव
१३ जुलै २०२५

बोरकर मॅडम, जय भीम.

गोवर्धननं पाठवलं ना तुम्हाला? खरं सांगा. तो माणूस वीस वर्षांपासून माह्या मागं लागला आहे. मंडळात तेरा लोक, त्यांत नववा भाग पाहिलेला मी एकटा, हे त्याच्या पोटात दुखते. आधी म्हणे, यादोराव फेकते. आता मास्तरीणबाईला पुढं केलं काय? त्याला सांगा, वाद घालायचा तर स्वतःच्या नावानं घाल. मंडळाचा नियमच आहे, वाद टपालानं करायचा. फोनवरचा वाद संध्याकाळपर्यंत शिळा होते आणि कोण काय बोललं त्याचा पुरावा राहत नाही.

आता तुमचे प्रश्न. दिवा नाही, कारण यानाची बिजली गेली होती. बोलायचं यंत्रही त्यामुळंच मुकं होतं. आणि गोळा दारातून सोडत नाहीत, दाराच्या बाजूला झरोका आहे, त्यातून सोडतात. तुम्ही न पाहता तर्क लढवून राहिल्या, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उंटावरून शेळ्या हाकू नका.

मी पाहिलं की नाही याची खूणही देतो. सगळ्या मालिकेत यानातला चहा कपातच राहते, जमिनीवर राहते तसा. त्यावर आमचा मंडळात पाच वर्षं वाद चालला. फक्त नवव्या भागात कप हवेत तरंगतो आणि कप्तान तो आपल्या टोपीत झेलतो. कपाला बांधलेला दोरा मला साफ दिसला होता. गोवर्धनला विचारा, त्याला दोऱ्याची माहिती आहे काय.

यादोराव शहारे


गोंदिया
२४ जुलै २०२५

आदरणीय यादोरावजी,

गोवर्धनजींनी मला पाठवलेलं नाही. उलट तुमचं पत्र दाखवलं तर ते दोन दिवस चिडून होते.

झरोका मान्य. पण त्यामुळे माझी शंका वाढली. झरोका वेगळा आणि दार वेगळं, म्हणजे दार उघडं असतानाही गोळा सोडता येतो. बरोबर ना? गोळ्याचा दाराशी काही संबंधच नाही, तो फक्त भार्गवच्या हाताशी आहे. बाहेरच्या दाराशी उभा असलेला कप्तान दाराला नाही, माणसाला पाहून विश्वास ठेवतो. विज्ञानाच्या हिशेबानं ही फार कच्ची व्यवस्था झाली. समजा भार्गवनं ठरवलं की गोळा पोहोचायला वेळ लागतोच, तोवर दार लावू सावकाश, आणि मग तो कुठंतरी रमला, तर?

तुमच्या पत्रकात तेच घडतं. दार उघडं राहतं, कप्तान बाहेरचं उघडतो आणि अर्ध्या यानाची हवा जाते. पण शिक्षा कुणाला होते, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

अजून एक. त्या रविवारी जिल्हाभर लाइन गेली होती असं तुम्हीच पत्रकात म्हटलं आहे, म्हणून दुसऱ्या कोणाला नववा भाग दिसला नाही. मग तुम्ही कुठं पाहिला? कोणाच्या घरी?

खुशबू बोरकर


अर्जुनी मोरगाव
५ ऑगस्ट २०२५

मॅडम,

तुम्ही विज्ञान शिकवता की वकिली?

कुठं पाहिला ते सांगतो, त्यात लपवायचं काय आहे. मी पाटबंधारे खात्यात नहरावर गेटमन होतो, कालव्याचं पाणी सोडायचो-अडवायचो. खैरटोल्याच्या धरणावर आमच्या ओव्हरसिअर साहेबांचं क्वार्टर होतं, त्यांच्याकडं बॅटरीवर चालणारा टीव्ही होता. लाइन असो नसो, तिथं चालायचा. साडेनऊला मालिका लागे. मी सगळ्यांत समोर बसलो होतो, साहेबांच्या बायकोनं चिवडा दिला होता. एरवी भाग अर्ध्या तासाचा, त्या दिवशी पूर्ण तासाचा निघाला. साडेदहापर्यंत कोणी जागचं हललं नाही.

आणि भार्गवबद्दल तुम्ही जे बोलून राहिल्या ते मला बिलकूल आवडलं नाही. भार्गव आळशी नव्हता. ते दार एका झटक्यात लागत नाही, चाक फिरवता फिरवता अर्धा तास जाते आणि हाताला फोड येतात. त्यानं हिशेब केला होता की गोळा पोहोचायच्या आत दार लागेल. हिशेब चुकला. हिशेब कोणाचा चुकत नाही? शिक्षेचं म्हणाल तर मालिकेत दाखवली नाही, मी कायले बनवून सांगू?

पण आता मी विचारतो. मालिकेचा प्रश्न पुसता पुसता तुम्ही कोणाच्या घरी, किती वाजता, इथवर काऊन आल्या? पेन्शनच्या ऑफिसातून कोणी चौकशी लावली आहे काय? माही पेन्शन तेरा वर्षांपासून सुरू आहे, कागद चोख आहेत. तुमच्या मनात काय आहे ते सरळ लिहा.

यादोराव शहारे


अर्जुनी मोरगाव
२ सप्टेंबर २०२५

मॅडम,

महिना होत आला, उत्तर नाही. इतके दिवस आठ-दहा दिवसांत पत्र यायचं. गोवर्धनला पत्र टाकून विचारलं, तर तो लिहितो की बोरकर मॅडमनं मालिकेबद्दल त्याला कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं ते एवढंच की, यादोराव शहारे १९८९ मध्ये कोणत्या गेटवर नोकरीला होते.

झोप येईना म्हणून लिहितो. तुम्ही कोण आहात?

या.


गोंदिया
१० सप्टेंबर २०२५

यादोरावजी,

मी सुखराम टेंभुर्णेंची नात आहे, त्यांच्या मुलीची मुलगी. बोरकर हे वडिलांकडचं आडनाव. खैरटोल्याच्या नहरावर तुम्ही वरच्या गेटला होता आणि माझे आबाजी तीन किलोमीटर खाली, खालच्या गेटला. मी आधीच सांगितलं असतं तर तुम्ही एक ओळही लिहिली नसती, म्हणून लपवलं. त्याचं मला वाईट वाटत नाही.

उत्तराला उशीर झाला कारण मी एका पाकिटाची वाट पाहत होते. मालिकेच्या लेखकांची मुलगी नाशिकला राहते. तिच्याकडं तेराही भागांचं टाइप केलेलं लिखाण आहे. तिनं नवव्या भागाची झेरॉक्स पाठवली. कप तरंगतो, टोपीत झेलतात, भाग तासाचा, सगळं तुम्ही लिहिलं तसंच आहे. म्हणजे तुम्ही तो भाग पाहिला, यात शंका नाही.

पण यादोरावजी, त्यात पांढरा गोळा नाही. झरोका नाही. बाहेरचं दार बर्फानं अडकतं आणि ते तापवून सोडवतात, एवढीच गोष्ट आहे. भार्गवला ताप आला आहे आणि तो तासभर अंथरुणात पडून आहे. त्यानं दाराला हातसुद्धा लावलेला नाही.

चुना लावून पांढरा केलेला गोळा यानात नव्हता, तुमच्या नहरात होता. वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा. वरचं गेट पाडलं, म्हणजे चाक फिरवून बंद केलं, की तुम्ही तो पाण्यात सोडायचा, सवा तासानं तो आबाजींपर्यंत वाहत यायचा आणि तो पाहून ते खालचं गेट पाडायचे. वरचं आधी, खालचं मग, नाहीतर मधलं पाणी कोंडून नहराच्या काठाची पाळ फुटेल. आबाजींनी हे मला लहानपणी इतक्या वेळा सांगितलं आहे की पत्रकात ‘गोळा’ वाचला तिथंच मी तुंबा ओळखला.

१२ नोव्हेंबर १९८९, रविवार. आबाजींनी तुंबा पाहिला, गेट पाडलं आणि घरी जेवायला गेले. वरचं गेट उघडंच होतं. पाळ फुटली आणि खैरटोल्याच्या चाळीस घरांच्या कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा पाण्याखाली गेल्या. कडपांना जागीच कोंब फुटले. चौकशीतला तुमचा जबाब आबाजींच्या पेटीत आहे: “साहेबांच्या तोंडी हुकुमावरून गेट अकरापर्यंत उघडे ठेवले. मी आठ ते अकरा गेटवर हजर होतो. तुंबा सोडला नाही.” साहेबांनी वरच्या ऑफिसला लिहिलं की सुखराम वेळेआधी गेट पाडून टीव्ही पाहायला निघून गेला; त्या दिवशी लाइनच नव्हती, हे कोणी विचारात घेतलं नाही. आबाजींनी तुंबा आणून दाखवला, तर तुम्ही म्हणालात, तो कालचा आहे.

त्यांची नोकरी गेली. गावानं त्यांचं नाव ‘टीव्हीवाला’ पाडलं. दोन वर्षांनी ते गाव सोडून दवनीवाड्याला आले, ते परत कधी गेले नाहीत. आमच्या घरी मी सातवीत जाईपर्यंत टीव्ही नव्हता. आबाजी आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचं हृदय कमजोर झालं आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं नाव साफ व्हावं, मला दुसरं काही नको.

तुम्ही साडेनऊ ते साडेदहा टीव्हीसमोर बसला होता हे तुमच्याच अक्षरात माझ्याजवळ आहे.

खुशबू


अर्जुनी मोरगाव
१५ ऑक्टोबर २०२५

पोरी,

मॅडम म्हणायचं आता तोंड नाही.

तुझं पत्र आल्यावर पहिले आठ दिवस मी तुला शिव्या देत होतो. मग चार उत्तरं लिहिली. एकात लिहिलं की भाग मी पुढच्या रविवारी पाहिला. दुसऱ्यात लिहिलं की ते लिखाण खोटं आहे, नाशिकच्या बाईनं बदललं. तिसऱ्यात म्हटलं, साहेबांनी धमकावलं. चौथ्यात, मला आता काही आठवत नाही. चारही फाडली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

खरं असं आहे. त्या दिवशी वरचं गेट सव्वानऊला पाडायचं होतं. पाडायला अर्धा तास लागते, म्हणजे मालिकेची सुरुवात हुकली असती. मी आधी तुंबा सोडला. म्हटलं, सवा तास आहे, दहाला भाग संपेल, येऊन चाक फिरवतो. भाग तासाचा निघाला. मला मध्येच उठता आलं असतं. उठलो नाही. कप तरंगत होता आणि मी हसत होतो. साहेबांनी मला ड्युटी सोडून बसू दिलं म्हणून तेही फसले असते, त्यांनीच रात्रीतून जबाब बनवला. पण सही माही आहे. साहेब मरून गेले, त्यांच्यावर टाकून मी सुटत नाही.

सुखरामनं तुंबा दाखवला तेव्हा त्यानं माह्याकडं पाहिलं. नुसता पाहतच राहिला. त्याला वाटलं असेल, यादोराव सांगेल. आम्ही सात वर्षं एका डब्यातून जेवलो होतो.

तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीनं मात्र मी हादरलो. गोळा नव्हता म्हणतेस. पोरी, तुझ्या गळ्याची शपथ, मला तो दिसते. आजही डोळे मिटले की यानाच्या बोळातून पांढरा गोळा येताना दिसते. मी लोकांना खोटं सांगत नव्हतो. मी खोटं सांगितलं ते एकदाच, आणि बाकी आयुष्यभर खरं तेच सांगत बसलो, मालिकेच्या नावावर.

मला सुखरामची माफी मागायची आहे. मी दवनीवाड्याला येऊ काय? तो म्हणेल तेव्हा येतो.

यादोराव


गोंदिया
२४ ऑक्टोबर २०२५

यादोरावजी,

दिवाळीला दवनीवाड्याला गेले होते. तुमचं पत्र आबाजींना वाचून दाखवलं. मला भीती होती, त्यांच्या छातीला काही होईल. तसं काही झालं नाही. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग उठून बैलांना पाणी दाखवून आले आणि म्हणाले, लिही. त्यांच्याच शब्दांत लिहिते:

“माह्या घरी येऊ नोको. घरी येऊन पाया पडशीन आन् मोकळा होशीन. मी गुन्हेगार घरात नाही झालो, गावात झालो. खैरटोल्याले जा. दोन तारखेले मंडईची जत्रा आहे. साऱ्या गावासमोर सांग.”

मी म्हटलं, आबाजी, तुम्हीही चला. ते नाही म्हणाले. जिथं लोक त्यांना हसले तिथं ते रडायला जाणार नाहीत.

मला तुमच्यावर अजून विश्वास नाही, हे स्पष्ट लिहिते. तुम्ही ऐनवेळी आजारी पडाल असं मला वाटतं. मी त्या दिवशी येणार नाही. तुमच्यावर पहारा ठेवून तुम्ही खरं बोललात तर त्याची आबाजींना किंमत राहणार नाही.

खुशबू


अर्जुनी मोरगाव
४ नोव्हेंबर २०२५

पोरी खुशबू,

आजारी पडावं असं फार वाटलं. सकाळी एक बस मुद्दाम सोडलीही. दुसरीनं गेलो.

मंडईत माणूस मावत नव्हता. मंचावर दंडार, नाचगाण्याचा खेळ, सुरू होती. मंडईच्या पोरांना म्हटलं, मला पाच मिनिटं माइक पाहिजे, सुखराम टेंभुर्णेबद्दल बोलायचं आहे. ते म्हणाले, कोण सुखराम? मी म्हटलं, नहर फुटला होता ना, टीव्हीवाला. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यांतला कोणी तेव्हा जन्मलाही नव्हता. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला गाणं म्हणायचं आहे.

माइक हाती आला आणि मला समजेना, सुरुवात कुठून करू. ज्याचं नाव साफ करायला आलो ते नाव आधी लोकांना सांगावं लागलं. सुखराम कोण, नहर कुठून जात होता, कडपा कशा बुडाल्या, तुंबा काय असते, सगळं. मग म्हटलं, तुंबा मी सोडला, गेट मी पाडलं नाही, टीव्ही मी पाहत होतो आणि खोटी सही मी केली. लोक ऐकत होते, पण पोरं मागून शिट्ट्या मारत होती, दंडार थांबली म्हणून. मला खूप राग आला. ज्या गावानं सुखरामचं आयुष्य खाल्लं, त्या गावाला ते आठवतही नाही. कडपा बुडालेल्यांपैकी दहा-बाराच म्हातारी माणसं उरली आहेत. ती खाली मान घालून बसली. एकानं मात्र उभं राहून मला आईवरून शिवी दिली आणि मला ती बरी वाटली.

खाली उतरलो तर पार्वताबाईनं हात धरला. तुझ्या आबाजीला विचार, ती त्यांना ठाऊक असेल. तेव्हा गावातल्या रोवणीच्या बाया तिच्या हाताखाली असत, धान रोवायला कोणत्या बाईनं यायचं ते ती ठरवायची. आता ऐंशीच्या वर आहे, काठीनं चालते. तिनं विचारलं, “सुखरामची फुलवंता कशी आहे?” मला माहीत नव्हतं, पण तुझ्या कोणत्याच पत्रात आजीचं नाव आलं नाही, त्यावरून समजलो. म्हटलं, नसेल आता. ती तिथंच मातीत बसली. म्हणाली, “दोन पावसाळे तिले मी रोवणीत घेतलं नाही. ते रोज सकाळी येऊन बांधावर उभी राहे. कोणी बोलवन म्हनून दुपारलोक उभी राहे. मी बायांना सांगतलं होतं, तिच्याकडं पाहू नोका.”

तिच्या पोरानं उठवलं तरी उठेना. शेवटी मला म्हणाली, मले दवनीवाड्याले ने.

मला बंदी आहे, ते मी विसरलो नाही. रविवारी तिला घेऊन येतो. मी बाहेर रस्त्यावर उभा राहीन, तिला आत घ्या.

यादोराव